पुस्तक वाचून आलेला प्रेक्षक



साहित्यकृतीच्या माध्यमांतराचा विचार करताना एक वाक्य आपल्याला वारंवार भेटते : ‘पुस्तकात असे नव्हते.’ कथा-कादंबरीवरून काढलेला चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांपैकी ज्याने मूळ पुस्तक वाचलेले असते, त्याच्या तोंडी हे वाक्य हमखास येते. समीक्षाव्यवहारात त्याला फारसा मान नाही. प्रत्येक माध्यमाची भाषा वेगळी असते, म्हणून चित्रपटाची मूळ कृतीशी तुलना करू नये, असे सांगून ते बहुधा बाजूला सारले जाते. मला हे योग्य वाटत नाही. निकाल म्हणून हे वाक्य अपुरे आहे, हे खरे. परंतु समीक्षेचा आरंभबिंदू म्हणून ते मोलाचे आहे. ते उच्चारणाऱ्याने पुढे ‘मग पुस्तकात काय होते, आणि ते मला का हवे होते?’ एवढे जरी स्वतःला विचारले, तरी तो आस्वादाकडून समीक्षेकडे पहिले पाऊल टाकतो.

प्रस्तुत लेखात आपण हा विचार ‘तुंबाड’ या चित्रपटाच्या आधारे करणार आहोत आणि तो चित्रपट परभणी जिल्ह्यातील मानवत या गावातून पाहणार आहोत. चित्रपट कोकणातल्या गावाचा आणि प्रेक्षक मराठवाड्यातला, ही जोडणी का केली, ते ओघात स्पष्ट होईल.

अद्भुतकथेच्या वाचकाची तक्रार

वास्तववादी कादंबरीतील घर, रस्ता, शाळा आपण पाहिलेली असतात. लेखक त्यांचा निर्देश करतो आणि आपण आपल्या आठवणीतून ती उभी करतो. अद्भुतकथेत मात्र लेखक कधीही न पाहिलेले काही सुचवतो आणि वाचक ते स्वतः घडवतो. राक्षसाचा चेहरा, शापित वाड्यातील अंधार, मंतरलेल्या वस्तूची झळाळी हे सारे शब्दांनी अर्धे दिलेले असते. उरलेले अर्धे वाचकाचे असते. पडद्यावर ती वस्तू एका निश्चित रूपात येते, तेव्हा वाचकाने घडवलेले रूप पुसले जाते. तो ‘पुस्तकात असे नव्हते’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला ‘माझ्या मनात असे नव्हते’ असे म्हणायचे असते. ही तक्रार रास्त आहे, कारण त्या पुस्तकाच्या निर्मितीत त्याचा वाटा होता.

जगभरातील उदाहरणे हेच दाखवतात. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या बृहत्कादंबरीवर पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट काढले. त्यांना अफाट लोकप्रियता लाभली. तिसऱ्या चित्रपटास अकरा ऑस्कर पुरस्कार मिळाले. तरीही कादंबरीतील टॉम बॉम्बाडिल हे पात्र गाळल्याची खंत वाचक आजही व्यक्त करतात. कथानकाला त्या पात्राची फारशी गरज नाही. परंतु सत्तेच्या अंगठीचा ज्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही, असा तो एकमेव आनंदी जीव त्या वाचकांना हवा असतो. लेखकाचे पुत्र ख्रिस्तोफर टॉल्किन यांनीही २०१२ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत या चित्रपटांविषयी नापसंती नोंदवली होती. प्रेक्षकांची गर्दी आणि वाचकांची खंत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आपल्याकडील उदाहरण घ्यायचे तर २०१७ चा ‘फास्टर फेणे’ पाहा. ही अद्भुतकथा नव्हे, परंतु भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा अनेक पिढ्यांच्या बालपणाचा सोबती आहे. चित्रपटाने त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण केले आणि स्वतः भागवतांनाच दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने एक पात्र म्हणून कथेत आणले. ज्या वाचकाने फेणेबरोबर स्वतःचे अकरावे-बारावे वर्ष त्या पुस्तकांत ठेवून दिले होते, त्याला पडद्यावरचा तरुण थोडा परका वाटला, तर तो त्या वाचकाचा दोष म्हणता येणार नाही.

ठाऊक असलेली गोष्ट आणि विश्वास

मराठी भूमीवर चित्रपटाचा आरंभच ठाऊक असलेल्या अद्भुतकथेने झाला, हेही येथे लक्षात घ्यावे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१७ मध्ये ‘लंकादहन’ पडद्यावर आणला. ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवत, असे सांगितले जाते. उडणारा मारुती आणि पेटलेली लंका पाहताना त्या प्रेक्षकाला ‘हे शक्य आहे का?’ असा प्रश्न पडला नाही, कारण कथा त्याच्या घरची होती.

या अनुभवाचे स्पष्टीकरण आपल्या काव्यशास्त्रात सापडते. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी पहिले विघ्न म्हणजे संभावनेचा अभाव : जे दिसते ते घडू शकते असे प्रेक्षकाला न वाटणे. त्यावर त्याने सुचवलेला उपाय असा, की अलौकिक कृत्ये दाखवायची तर कथावस्तू प्रख्यात असावी. रामासारख्या नायकाविषयीचा विश्वास लोकमनात आधीच मुरलेला असतो. नाटककार त्या विश्वासाच्या आधाराने अद्भुत उभे करतो. अद्भुतरसाचा स्थायिभाव विस्मय आहे, आणि विस्मय टिकायला आधी विश्वास लागतो.

‘तुंबाड’पुढे नेमकी हीच अडचण होती. त्यातील हस्तर हा देव कोणत्याही पुराणात नाही. तो चित्रपटानेच निर्माण केला आहे. मग प्रेक्षकाने विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

‘तुंबाड’ आणि त्याची मुळे

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी व्हेनिस चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला होता. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विखंडात्मक कादंबरीवरून घेतले आहे. त्याच्या पूर्वार्धातील भयाचे बीज नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेत आहे. आणि धारपांच्या कथेमागेही स्टीफन किंग यांची एक इंग्रजी कथा आहे : घरात एकट्या पडलेल्या मुलाला भीतिदायक आजीची सोबत करावी लागते.

म्हणजे येथे ‘मूळ पुस्तक’ एक नाही. पेंडशांची कादंबरी मनात घेऊन आलेल्या प्रेक्षकाला खोतांच्या पिढ्या, जगबुडी नदीचा काठ, घराण्याचा उत्कर्ष-अपकर्ष यांतील काहीच भेटत नाही. त्याची निराशा स्वाभाविक आहे. पण ती नावाने लावलेल्या अपेक्षेची निराशा आहे. धारपांच्या कथांवर पोसलेल्या वाचकाला मात्र ओळखीची खूण पटते. ग्रंथालयातून आणलेली, मुखपृष्ठ निघालेली धारपांची पुस्तके ज्यांनी रात्री वाचली आहेत, त्यांना पडद्यावरील साखळदंडाने बांधलेली म्हातारी, तिला भरवण्याची वेळ आलेला मुलगा आणि बाहेर कोसळणारा पाऊस हे सारे कोठेतरी वाचल्यासारखे वाटते. कथा परकी भूमी सोडून येते, मराठी वाड्यात रुजते आणि पुढे त्या वाड्याचीच होऊन जाते. धारपांनी हे काम आयुष्यभर केले.

येथे अभिनवगुप्ताच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. हस्तर प्रख्यात नाही. परंतु त्याचा वाडा प्रख्यात आहे. पडका वाडा, त्यात पुरलेले धन, त्या धनावर बसलेला रखवालदार, आणि ते मिळवण्याचा कुलाचार ही लोककथा मराठी माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. चित्रपटाने नवा देव जुन्या घरात आणून बसवला आणि त्या घराच्या आधारावर प्रेक्षकाचा विश्वास मिळवला.

प्रेक्षकांच्या प्रतिसादाचा इतिहासही बोलका आहे. पहिल्या प्रदर्शनात चित्रपटाला वाखाणणी बरीच लाभली, गर्दी बेताचीच. पुढे घरोघरी तो पाहिला गेला, एकाने दुसऱ्याला सांगितला, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. पुस्तकांच्या बाबतीत असे नेहमी घडते. हातोहात फिरलेले पुस्तक वर्षांनी आपला वाचकवर्ग मिळवते. चित्रपटाच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते.

मानवतमधून पाहताना

आता आपण मानवतकडे वळू. कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव. येथे बसून ‘तुंबाड’ पाहणाऱ्या प्रेक्षकाला दोन गोष्टी इतरांपेक्षा वेगळ्या दिसतील, असे मला वाटते.

पहिली गोष्ट पाऊस. चित्रपटातील तुंबाडमध्ये पाऊस थांबत नाही, कारण तो देवांचा कोप आहे. ज्या प्रदेशाने १९७२ चा दुष्काळ भोगला, जेथे आजही आभाळाकडे पाहून पेरणी ठरते, तेथील प्रेक्षकाला पाऊस हा शाप म्हणून स्वीकारायला काही क्षण अधिक लागतील. हा अडथळा नव्हे. कोकणातील पाऊस आणि मराठवाड्यातील पाऊस हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे भाषेच्या विद्यार्थ्याला यातून उमगावे.

दुसरी गोष्ट गुप्तधन. ती अधिक गंभीर आहे.

नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवत आणि परिसरात खुनांची एक मालिका घडली. बळी गेल्या त्या प्रामुख्याने लहान मुली आणि स्त्रिया. पिंपळावरील मुंजाला संतुष्ट करून गुप्तधन व संतती मिळवावी, यासाठी हे केले गेले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ मध्ये त्याचा निकाल लागला. काही आरोपींना शिक्षा झाली, काही सुटले. या घटनांवर आधारित विजय तेंडुलकर लिखित ‘आक्रीत’ हा चित्रपट अमोल पालेकर यांनी १९८१ मध्ये दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच चित्रपट होता. तपासाशी निगडित असलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या पुस्तकावरून ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका २०२४ मध्ये प्रसारित झाली. योगायोग असा, की ‘तुंबाड’चे पुनःप्रदर्शन आणि ही मालिका या दोन्ही गोष्टी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने घडल्या.

इतरत्र जी लोककथा आहे, ती येथे स्मृती आहे. मग येथील प्रेक्षक ‘तुंबाड’ पाहताना अस्वस्थ झाला, तर काव्यशास्त्र त्याला काय सांगेल? अभिनवगुप्ताच्या विघ्नांत आणखी दोन येथे लागू पडतात : स्वतःच्या वा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालात गुंतून पडणे, आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे. या दृष्टीने मानवतच्या प्रेक्षकाची अस्वस्थता हे रसविघ्नच ठरेल. साधारणीकरण होण्यासाठी त्याने आपले गाव बाहेर ठेवून आत यावे, असे त्याला सांगितले जाईल.

मी या मताशी पूर्णपणे सहमत नाही. विवशता आणि स्थानाची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुःखाने डोळे भरून आले तर पडदा दिसत नाही, हे खरे. परंतु आपण कोठे उभे आहोत हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला कधी कधी इतरांना न दिसणारे दिसते. ‘तुंबाड’च्या बाबतीत ते कोणते?

‘असे चित्रपट अंधश्रद्धा पसरवतात’ हा एक आक्षेप सहज घेतला जातो. ‘ती केवळ कल्पना आहे, मनावर घेऊ नका’ हे त्यावरचे तितकेच सहज उत्तर. दोन्हींनी विचार थांबतो. ‘तुंबाड’मध्ये धन खरोखर आहे, हस्तर खरोखर आहे, अद्भुतकथेचा तो नियमच आहे, आणि तो मान्य केल्याने कोणी कुदळ घेऊन वाड्यात जात नाही. चित्रपट लोभाचे कौतुकही करीत नाही. सोन्याचा मोह ज्याला सुटत नाही, तो विद्रूप होतो. शेवटी विनायकराव स्वतः भक्ष्य होतो आणि त्याचा मुलगा वारशाने मिळू पाहणारे धन नाकारतो. नैतिक दृष्ट्या ही कथा चोख आहे.

पण मानवतचा प्रेक्षक येथे थांबून एक प्रश्न विचारू शकतो : किंमत कोणी दिली? ‘तुंबाड’मध्ये लोभाची किंमत लोभी माणूसच आपल्या देहाने देतो. जो धनाच्या विवरात उतरतो, त्यालाच शाप लागतो. हा अद्भुतकथेतील न्याय आहे आणि तो मनाला समाधान देतो. प्रत्यक्षात गुप्तधनाचा लोभ एकाचा असतो आणि देह दुसऱ्याचा जातो; तोही ज्याने कधी धन मागितले नाही, अशा एखाद्या मुलीचा. ज्या धनासाठी हे होते, ते धन तर नसतेच. चित्रपटाने पुरवलेला न्याय इतिहासाने पुरवलेला नाही, हे ज्याला आपल्या गावाच्या नावावरून ठाऊक आहे, त्याचे वाचन उणे नसून अधिक आहे. राज्याला २०१३ मध्ये नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा त्यात समावेश करावा लागला, यावरूनही हा प्रश्न जुन्या काळाचा उरलेला नाही, हे दिसते.

या दृष्टीने चित्रपट पुन्हा पाहिला, तर त्यातीलच काही दुर्लक्षित जागा उजळतात. सोन्याच्या एका मुद्रेच्या आशेवर सरकारांच्या वाड्यात झिजणारी विनायकची विधवा आई. जात्यावर पीठ दळणारी त्याची पत्नी. त्याच पिठाच्या बाहुल्या करून विनायक हस्तरला भुलवतो. धनाच्या कथेत स्त्रियांचे श्रम पीठ होऊन पडले आहेत. चित्रपट त्यावर भाष्य करीत नाही, परंतु दाखवतो. मानवतची स्मृती बरोबर घेऊन आलेल्या प्रेक्षकाला ते आधी दिसेल.

न लिहिलेले पुस्तक

‘आक्रीत’ किंवा ‘मानवत मर्डर्स’ पाहताना येथील प्रेक्षकाच्या मनात उमटणारे वाक्य थोडे बदलेल. ‘पुस्तकात असे नव्हते’ ऐवजी तो म्हणेल, ‘गावात असे झाले नव्हते.’ गावाच्या आठवणी हेही एक पुस्तक आहे. ते कोणी छापलेले नाही एवढेच. आवडत्या पुस्तकाच्या वाचकाला जसा पडद्यावरील रूपाविषयी बोलण्याचा अधिकार आहे, तसाच या न छापलेल्या पुस्तकाच्या वाचकांनाही आहे. किंबहुना अधिक आहे, कारण कादंबरीतील पात्राला घरदार नसते. येथे मात्र ज्यांची माणसे गेली, त्यांची घरे असतात.

अधिकाराबरोबर जबाबदारीही येते. ‘असे नव्हते’ एवढ्यावर थांबणारा वाचक आपली कल्पना स्वतःपाशीच ठेवतो आणि कालांतराने पडद्यावरचे रूपच सर्वांचे होऊन बसते. आठवणींच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. पुढील पिढीला मानवतची ती वर्षे फक्त मालिकेतून कळावीत, की ज्यांनी ती पाहिली त्यांच्या शब्दांतूनही, हा प्रश्न दिग्दर्शकाने सोडवायचा नाही. तो येथील लिहित्या माणसांचा आहे. दूरशिक्षणाने मराठीचे शिक्षण घेणारे आपण बहुतेक जण नोकरी, शेती, दुकान वा घर सांभाळून हा अभ्यास करीत आहात. आपल्या आसपास त्या काळाची साक्षीदार माणसे अजून आहेत. त्यांना चव म्हणून नव्हे, तर आदराने विचारावे, त्यांनी नको म्हटल्यास थांबावे, आणि सांगितलेले नीट लिहून ठेवावे. मराठीचा विद्यार्थी म्हणून हे काम आपल्याला जमण्यासारखे आहे.

समारोपादाखल एवढेच सुचवावेसे वाटते. यापुढे आवडत्या पुस्तकावरील चित्रपट पाहाल, तेव्हा आपला पहिला प्रतिसाद दडपू नका. तो लिहून ठेवा आणि मग त्याला तीन प्रश्न विचारा. पुस्तकातील कोणती गोष्ट मला हवी होती? ती दृश्य माध्यमात येऊ शकत होती का, की केवळ शब्दांतच शक्य होती? आणि मी ज्या गावातून, ज्या अनुभवातून हे पाहत आहे, तेथून मला इतरांपेक्षा काय अधिक दिसले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्याला संदर्भग्रंथांच्या मदतीने देता येतील. तिसऱ्याचे उत्तर आपल्यावाचून दुसरे कोणीही लिहू शकणार नाही. म्हणून स्वाध्यायात त्याला सर्वांत अधिक जागा द्यावी.